तू अशी नाहीस

"अगं, तू अशी नाहीस!"

आमचे हे खालून ओरडले तेव्हा माझ्या हातात मेथीची जुडी होती आणि समोर बापू जाधव कमरेवर हात ठेवून उभे होते. आम्ही उभे होतो ते स्टेज म्हणजे मिरजेतल्या एका मंगल कार्यालयातला, वधूवरांना बसवायचा चौथरा. पौष महिना, लग्नं बंद, म्हणून मालकांनी संध्याकाळी तालमीला जागा फुकट दिलेली. स्वयंपाकघरातून अजून मार्गशीर्षातल्या मसालेभाताचा वास येत होता.

"कशी नाही?" मी विचारलं.

"तू आत्ता त्याच्याकडे रोखून बघितलंस. तू रोखून बघत नाहीस. तू 'बरं' म्हणतेस आणि जुडी घेऊन आत जातेस."

"मी? मी 'बरं' म्हणते?"

हे गडबडले. "म्हणजे वासंती. वासंती म्हणते. पुन्हा घेऊ या."

नाटकवाल्यांची ही एक खोड असते. पात्राविषयी बोलायचं ते नटाला 'तू तू' करून. पण इथं त्याला अर्थ होता, कारण वासंती म्हणजे मीच, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. म्हणजे मी माझंच काम करत होते, आणि मला ते जमत नव्हतं! पंधरा मिनिटं माझा नवरा मला शिकवत होता की मी कशी आहे.

झालं होतं असं. हे बँकेत हेडक्लार्क, पण जीव सगळा नाटकात. सांगलीला दरवर्षी एकांकिका स्पर्धा व्हायची, तिच्यासाठी ह्यांनी त्या वर्षी स्वतः एकांकिका लिहिली आणि बसवायलाही घेतली. नाव 'बरं'. एक नवरा, एक बायको, बस. नवरा भास्कर. त्याला जगातलं सगळं कळतं. बायकोनं आणलेली मेथी तो नाकाला लावून परत पाठवतो. तिनं दोरीवर वाळत घातलेले कपडे काढून पुन्हा आपल्या पद्धतीनं घालतो. पाहुण्यांसमोर ती एखादी गंमत सांगायला लागली, की शेवट हाच आधी सांगून मोकळा. आणि बायको वासंती. ती प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणते. शेवटी एक दिवस पिशवी उचलते आणि घर सोडून जाते. संपली एकांकिका.

आता लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसानं असं काही लिहिलं, तर लोक काय समजणार? हेच की खांबेट्यांनी आपल्या घरातलं लिहिलंय. मीही तेच समजले. दिवाळीत मी चकल्या तळत होते तेव्हा ह्यांनी स्टुलावर बसून मला ती वाचून दाखवली होती. अर्धी मी ऐकली. उरलेली अर्धी न ऐकताच कळली. वाचून झाल्यावर हे नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसले.

मी म्हटलं, "चला, उशिरा का होईना, तुम्हाला स्वतःचे दोष दिसायला लागले."

ह्यांचा चेहरा असा झाला, की विचारू नका. मला वाटलं, लागलं वर्मी.

शाळेत स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. इतका प्रामाणिक नवरा हल्ली मिळतो कुठं? स्वतःला नावं ठेवून चारचौघांत नाटक करायचं म्हणजे काय चेष्टा आहे? आमच्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "पण खांबेटे सर तर किती शांत आहेत हो. भास्कर तर ओरडतो." मी त्यांना समजावलं, की न ओरडता ओरडणं हाही एक प्रकार असतो, आणि तो लग्नाच्या बायकोलाच कळतो. त्या 'हो का' म्हणाल्या आणि वह्या तपासायला लागल्या.

वासंतीचं काम करत होती रोहिणी आपटे. नाजूक मुलगी, डोळे कायम ओलावलेले. आठवड्यावर प्रयोग आला आणि ती मोपेडवरून पडली. पायाचं हाड मोडलं, प्लॅस्टर घातलं. सगळी मंडळी आमच्या घरी आली आणि माझ्या मागं लागली. भास्करचं काम करणारे बापू जाधव म्हणाले, "वैनी, तुमाला काय अ‍ॅक्टिंग करायची हाय? हाय तशा हुबं ऱ्हावा की!"

हे म्हणाले, "हेमाला नको. तिला शाळेचं..."

"शाळेचं मी बघून घेईन," मी म्हटलं.

"तसं नाही, पण तिला बहुतेक..."

"पाठांतराची भीती नाही वाटत मला. निम्मं तर ऐकून पाठ आहे."

ह्यांनी खांदे उडवले. ठरलं.

आणि आता ही गत. माझं 'बरं' म्हणजे ह्यांच्या डोक्याला ताप झाला होता. मी म्हटलं की ते 'बरं, बघून घेते तुला' असं ऐकू यायचं म्हणे. बापू सहा फूट उंच, पाटबंधारे खात्यातला माणूस, कालव्याच्या काठावर उभं राहून पलीकडच्या काठाशी बोलायची सवय. तेही म्हणाले, "वैनी, तुमचं 'बरं' ऐकलं की माज्याच पोटात गोळा येतोय. मी भास्कर हाय का तुमी, तेच कळंना."

सगळे हसले. मीही हसले. हे तेवढे हसले नाहीत.

"हे बघ, असं," म्हणून हे स्वतः चौथऱ्यावर चढले. माझ्या हातातली जुडी घेतली. बापू गरजले, "ही मेथी म्हणायची? गवत आहे गवत! परत देऊन ये!" ह्यांनी जुडीकडे पाहिलं. एक काडी निखळली होती ती नीट आत खोचली. आणि म्हणाले, "बरं."

आमच्या नलूमावशी फडणीस होत्या, पोस्टातून रिटायर झालेल्या, नाट्यसंस्थेचे कपडे-पडदे सांभाळायच्या. त्या खुर्चीवरून म्हणाल्या, "अगंबाई! मुकुंदा, तूच कर की वासंती. उठून बापूला दोन शब्द सुनवावेसे वाटले रे मला."

हे लाजले आणि खाली उतरले. मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, बघा, माझं दुःख ह्यांना किती आतून समजलंय. मला स्वतःला ते दुःख कधी झाल्याचं आठवत नव्हतं, पण असेल झालेलं.

घरी जाताना आम्ही चालतच जायचो. त्या दिवसांत आमच्यात एक विषय लोंबकळत होता, तो म्हणजे परभणी. ह्यांना बढती मिळाली होती. शाखाधिकारी म्हणून परभणीला जायचं, नाही तर बढती सोडायची. आठवड्याभरात हेड ऑफिसला कळवायचं होतं. माझी शाळा मिरजेत, मुलगा पुण्याला होस्टेलला. म्हणजे गेले तर एकटेच जाणार.

"ते परभणीचं," हे म्हणाले, "मी विचार करत होतो..."

"कसला विचार? नाही म्हणून कळवून टाका. तिथला उन्हाळा सोसणार आहे का तुम्हाला?"

"तसं नाही, मी म्हणत होतो की..."

"की जेवायचे हाल होतील. तेच म्हणतेय मी. तुम्हाला साधा कुकर लावता येत नाही. आणि खोली घेणार, तिथं पाणी कधी येतं, कोण भरणार?"

हे म्हणाले, "बरं."

मी निश्चिंत झाले. हा माणूस एकटा राहिला तर चार दिवसांत उपाशी मरेल, ही माझी खात्री. आणि खरं सांगायचं, तर मला त्या घरात एकटीनं राहायचं नव्हतं. मुलगा गेला तेव्हाच घर खायला उठलं होतं. हेही गेले तर संध्याकाळी कुणासाठी परत यायचं? पण ते बोलून दाखवायची गरज मला वाटली नाही. बावीस वर्षांच्या संसारात एवढं कळलंच असणार की समोरच्याला!

दुसऱ्या दिवशी तालमीला बापूंचा पत्ता नाही. मग त्यांच्या ऑफिसातून निरोप आला की आरग गावाच्या बाजूला कालवा फुटलाय, उसात पाणी शिरलंय, साहेब तिकडे गेलेत. प्रयोग रविवारी, आणि आज बुधवार! प्रकाशयोजना बघणारा मुलगा सांगलीहून खास आला होता, त्याला कुणी कुठं उभं राहायचं ते दाखवणं भाग होतं.

हे म्हणाले, "असं करू. आजच्यापुरती भास्करची वाक्यं तू वाच. मी वासंती वाचतो. नुसत्या जागा कळू देत त्याला."

मी कागद हातात घेतले. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानाला ध्यानात आलं, की मी कागदाकडे बघतच नाहीये. वाक्यं आपोआप येत होती. "हा शर्ट असा घालतात का वाळत? खांद्याला उंचवटे आले म्हणजे? हो बाजूला!" मी म्हटलं आणि ह्यांना कोपरानं बाजूला केलं. नलूमावशी फिस्सकन हसल्या. प्रकाशवाला मुलगा हसला. मला चेव आला. पाहुण्यांचा प्रसंग आला. ह्यांनी वासंतीची गोष्ट सुरू केली, "आम्ही त्या दिवशी गणपतीपुळ्याला..." आणि मी तिथंच तोडलं, "आणि चप्पल गेली समुद्रात! पुढं काय सांगायचंय त्यात!" सगळं कार्यालय हसायला लागलं. नलूमावशी डोळे पुसत म्हणाल्या, "हेमा, अगदी हुबेहूब गं! अगदी हुबेहूब!"

मी मनात म्हटलं, बघा, नवऱ्याची नक्कल बायकोइतकी कुणाला जमणार! कालपर्यंत मला अभिनय येत नव्हता, आज अंगात संचारला होता.

मग तो प्रसंग आला. वासंतीची आई गेलेली आहे. वासंती मागच्या दारी पाण्याच्या टाकीशी उभी आहे. तिथं भास्कर येतो. मी म्हटलं, "झालं ना रडून? मग तोंड धुऊन घे. माणसं यायला लागलीत."

ह्यावर कुणी हसलं नाही. हसायचं नव्हतंच तिथं. पण मी तिथंच थांबले. हे वाक्य मी आधी कुठं तरी ऐकलंय, असं मला वाटलं. मग कळलं, ऐकलं नव्हतं. म्हटलं होतं.

माझ्या सासूबाई गेल्या त्या सकाळी हे मागच्या दारी टाकीला टेकून उभे होते. एक शब्द बोलत नव्हते. बाहेर धाकटे दीर आणि मोठे दीर, अंत्यसंस्कार मिरजेला करायचे की सांगलीला न्यायचं, यावर हमरीतुमरीवर आलेले. कुणी तरी घट्ट व्हायला नको? मी मागं गेले आणि ह्यांना ते वाक्य म्हटलं. आणि माझ्या हातानं टॉवेल दिला. धुतलेला, मऊ, आतल्या कपाटातला. कारण सुजलेल्या डोळ्यांनी हे बाहेर गेले असते तर मोठ्या दिरांनी ह्यांना बाजूला सारून सगळं आपल्या मनासारखं केलं असतं, आणि हे जन्मभर कुढत बसले असते.

वाक्य नाटकात होतं. टॉवेल मात्र नव्हता.

"पुढचं वाच," हे हळूच म्हणाले.

मी पुढचं वाचलं. पण आता एकेक ओळ मला ओळखू यायला लागली. मेथी माझी. कपड्यांची दोरी माझी. गणपतीपुळ्याची चप्पल तर ह्यांचीच गेली होती, आणि ती गोष्ट ह्यांनी आजवर कुणाला पुरी सांगितलेली नव्हती. मी सांगू दिली असती तर ना!

घरी जाताना निम्म्या रस्त्यापर्यंत मी गप्प होते. हे माझ्याकडे घाबरून बघत होते. मी गप्प म्हटल्यावर ते घाबरणारच.

"अहो, भास्कर कोण?" मी विचारलं.

"नाटकातलं पात्र आहे."

"अहो, कोण?"

"आता तूच..."

"नाही! आज मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

हे रस्त्यातच थांबले. बाजूला सतारी करणाऱ्यांचं दुकान होतं, फळीवर भोपळे वाळत ठेवलेले. त्या भोपळ्यांकडे बघत हे म्हणाले, "मला वाटलं, पहिल्या वाचनालाच तुला कळेल. म्हणून तर आधी तुला वाचून दाखवली. धीर करून दाखवली होती, हेमा. आणि तू म्हणालीस, तुम्हाला स्वतःचे दोष दिसायला लागले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मग मला वाटलं, तू म्हणतेस तेच खरं असेल. असेन मीच भास्कर."

हसावं की रडावं ते कळेना. माणसानं आपल्या बायकोवर नाटक लिहावं, बायकोनं सांगावं की हे तुमच्यावर आहे, आणि त्यानं ते मान्य करावं? असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे भास्कर व्हावंच लागतं, नाही तर दूधवाल्याचं बिलसुद्धा कुणी देणार नाही!

"म्हणजे मी दुष्ट?"

"भास्कर दुष्ट नाहीये. वासंतीला तो आवडतो."

"म्हणून पिशवी घेऊन निघून जाते?"

हे फळीवरचा एक भोपळा बोटानं वाजवून बघायला लागले.

"आणि टॉवेल?" मी विचारलं. माझा आवाज चिरकला, त्याचा मला फार राग आला. "टॉवेल का नाही घातलात नाटकात?"

"कुठला टॉवेल?"

मी सांगितलं. आतल्या कपाटातला, मऊ, मी हातात दिला तो. ह्यांनी खूप आठवून बघितलं. खोटं बोलायचं नाही म्हणून आणखी आठवून बघितलं. मग मान हलवली. ह्यांना वाक्य आठवत होतं, टाकी आठवत होती, मी कोणती साडी नेसले होते तेसुद्धा आठवत होतं. टॉवेल आठवत नव्हता.

आम्ही चालायला लागलो. घराच्या फाटकाशी हे म्हणाले, "ते परभणीचं, मी होकार कळवलाय."

"कधी?"

"आज दुपारी. फोन करून."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं, तर तू उत्तर दिलं असतंस."

फाटकाची कडी मी दोनदा लावली तरी लागेना. ह्यांनी लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापूंचा निरोप आला, की पाणी अजून अडलेलं नाही आणि रविवारपर्यंत सुटका नाही. नलूमावशींनी डोक्याला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "अरे, उलटं करा की! दरारा बायकोचा, आणि 'बरं' म्हणणारा नवरा. काल तुम्ही दोघांनी वाचलंत ते मी जन्मात विसरणार नाही."

हे म्हणाले, "नको, हेमाला ते..."

"करते," मी म्हटलं.

का म्हटलं? तर सगळी मंडळी माझ्याकडे बघून मूग गिळून बसली होती. म्हणजे त्यांना केव्हापासून ठाऊक होतं? म्हटलं, आता अभिनय म्हणजे काय तो दाखवतेच एकेकाला. मी अशी नाही, आणि तरी इतकी हुबेहूब करून दाखवते, असं त्यांना कळू दे. एका बैठकीत सगळी वाक्यं उलटी करून झाली. बायको वासंतीच राहिली, नवरा भास्करच, क्रियापदांच्या शेपट्या तेवढ्या बदलल्या. बाकी काही बदलावं लागलं नाही.

एकच अडचण होती, ती शेवटाची. नवरा पिशवी उचलतो, दाराशी जातो, आणि बाहेर पडतो. तोपर्यंत बायकोनं एक अक्षर बोलायचं नाही. हे मला सारखे सांगत होते, "तिथं फक्त गप्प. काही करायचं नाही. तेवढं जमव." तीन दिवस तालमीत मी गप्प राहायचा प्रयत्न केला. एकदा "स्वेटर घेतलात का?" असं निघून गेलं. एकदा "दार ओढून घ्या." हे तक्रार करायचे नाहीत. नुसते पिशवी खाली ठेवून पुन्हा सुरुवातीच्या जागी जाऊन उभे राहायचे. आणि घरी त्याच दिवसांत पलंगावर खरी बॅग उघडी पडलेली. हे त्यात कपडे घालत होते, आणि मी त्याही घड्या मोडून पुन्हा घालत होते.

रविवारी सकाळी सांगलीच्या नाट्यगृहात आमचा तिसरा नंबर होता. मी विंगेतून स्टेजवर आले, पहिलं वाक्य टाकलं आणि हशा आला. मेथीला हशा. कपड्यांच्या दोरीला टाळ्या. पुढच्या रांगेतल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघून हसत होत्या आणि नवरे समोर बघत होते. टाकीचा प्रसंग आला. मी ते वाक्य म्हटलं. म्हणताना नेसलेल्या साडीचा पदर ह्यांच्या हातात दिला. तालमीत नव्हतं ते. मला टॉवेल तर आणता आला नव्हता ना. ह्यांनी पदराकडे पाहिलं, काय करायचं ते कळेना, म्हणून तसाच धरून उभे राहिले.

मग शेवट आला. ह्यांनी पिशवी उचलली. मी ओठ घट्ट मिटले. हे दाराशी गेले. मी गप्प. ह्यांनी कडी काढली. मी गप्प! आता बाहेर पडायचं, की पडदा.

हे बाहेर पडेनात.

दाराशी उभे राहिले आणि वळून माझ्याकडे बघायला लागले. असं नाटकात नव्हतं. मला वाटलं, विसरले. मग वाटलं, नाही, हे कसली तरी वाट बघतायत. मी काही तरी म्हणावं अशी. पण काय? 'जा' म्हणू? 'जाऊ नका' म्हणू? हा माणूस परभणीला मला सोडून चाललाय, की मी थांबवावं म्हणून चाललाय? बावीस वर्षं ह्यांचं प्रत्येक वाक्य मी पुरं केलं होतं, आणि आता हा माणूस समोर उभा होता आणि मला एक शब्द सुचत नव्हता. सबंध नाट्यगृह वाट बघत होतं.

"काय पाहिजे तुम्हाला?" मी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं.

ह्यांनी तोंड उघडलं. "मला..." म्हणाले. "हेमा, मला..."

भर स्टेजवर वासंतीची हेमा झाली, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मी थांबले. देवाशपथ सांगते, मी मधे बोलले नाही. नखं तळहातात रुतवून उभी राहिले. हे उभे. मी उभी. ह्यांचे ओठ हलत होते, पण बाहेर काही येत नव्हतं. शेवटी पडदा ओढणाऱ्यालाच धीर निघेना, त्यानं पडदा ओढला.

टाळ्या खूप पडल्या. आत विंगेत मी ह्यांचा दंड धरला. "सांगा आता. काय होतं ते? काय म्हणणार होतात?"

हे घामानं थबथबले होते. माझ्याकडे बघून अगदी खरेपणानं म्हणाले, "मला वाटलं, तू सांगशील."

स्पर्धेचा निकाल संध्याकाळी लागला. मला अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. परीक्षक म्हणाले, की बाईंनी हे अवघड पात्र कष्टानं उभं केलंय. लेखनाला काही मिळालं नाही. नवऱ्याचं पात्र पटत नाही, इतका पडखाऊ नवरा प्रत्यक्षात आढळत नाही, आणि लेखकाला शेवट काय करायचा ते ठरवता आलेलं नाही, असं त्यांचं मत पडलं. हे टाळ्या वाजवत होते. पदक मी बॅगेत टाकलं. बापूंना दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा ते म्हणाले, "वैनी, मी असतो तर गेलंच असतं की हो ते पदक!"

बुधवारी हे परभणीला गेले. स्टेशनवर मी पुष्कळ बोलले. कुकरला किती शिट्ट्या, कोणत्या डब्यात काय, खोलीला कडी आतून कशी लावायची. खिडकीतून हे सगळं ऐकत होते. मला घरात एकटीनं राहायचं नव्हतं, एवढं मात्र सांगायचं राहिलं. गाडी हलली.

परभणीला हे उपाशी मेले नाहीत. कुकर लावायला शिकले, चार माणसं जमवून तिथंही नाटक बसवलं, आणि दिग्दर्शक म्हणून म्हणे हे फार कडक होते. मला ते तिथल्या बँकेतल्या एका शिपायाकडून फोनवर कळलं. पुढच्या वर्षी, बढतीवर पाणी सोडून, हे मिरजेला परत आले. सकाळच्या गाडीनं, न कळवता. दारात उभे राहिले, बॅग खाली ठेवली आणि चहा मागितला. मी टाकला.

का परत आले, ते मी कधी विचारलं नाही. लोक विचारतात, तेव्हा मीच सांगते, की ह्यांना माझ्यावाचून करमत नव्हतं. हे शेजारी बसून मान हलवतात. आता त्यात विचारायचं काय आहे? माझा नवरा आहे, मला कळणार नाही?